खुब्याचं हाड जुळलं, मग न्यूमोनिया कुठून आला?

आजी न्हाणीघरात घसरून पडतात. खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं, एक्स-रे चांगला येतो. तिसऱ्या आठवड्यात ताप चढतो, छातीत घरघर सुरू होते आणि डॉक्टर सांगतात, "न्यूमोनिया झालाय." घरची माणसं चक्रावतात. "सिस्टर, पंखासुद्धा लावला नव्हता हो. थंड काही दिलं नाही. मग छातीत गेलं कसं?"

हा प्रश्न मी वॉर्डात कितीदा ऐकला याची मोजदाद नाही. पुष्कळदा त्याचं उत्तर तोंडात असतं, म्हणजे अगदी शब्दशः तोंडात.

मी अनेक वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. त्यातला बराच काळ महिनोन्महिने पडून असलेल्या रुग्णांमध्ये गेला. कोणाला अर्धांगवायू, कोणाच्या मणक्याला मार, कोणाला स्मृतिभ्रंश. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आम्ही दर दोन तासांनी कूस बदलायचो आणि तसं चार्टवर लिहायचो. तोंडासाठी चार्टवर रकानाच नव्हता. सकाळच्या घाईत ओल्या गॉजने ओठ पुसले, जिभेवर बोरोग्लिसरीन फिरवलं, की "माउथ केअर झाली" असं आम्ही एकमेकींना सांगायचो. तोंड साफ करणं म्हणजे वेणी घालण्यासारखं, रुग्ण नीटनेटका दिसावा म्हणून करायचं काम, अशीच आमची समजूत होती. ती चुकीची होती.

## वाहता ओढा आणि डबकं

धडधाकट माणसाच्या तोंडातही जिवाणू असतात. आजवर सातशेहून अधिक जाती तिथे सापडल्या आहेत. बहुतेक निरुपद्रवी असतात आणि त्यांना आटोक्यात ठेवण्याचं मोठं काम लाळ करते. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. आपण बोलतो, चावतो, गिळतो, तेव्हा ती सगळीकडे फिरते आणि जीभ गालांच्या कडेकपारी झाडून काढते. वाहत्या ओढ्यात शेवाळ धरत नाही, तसंच हे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडातला ओढा आटतो. तो तोंड उघडं टाकून श्वास घेतो, ऑक्सिजनचा कोरडा झोत चालू असतो, चावणं-बोलणं जवळजवळ थांबलेलं असतं. त्यात औषधांची भर पडते. नैराश्यावरच्या, ॲलर्जीच्या, लघवी धरून ठेवण्याच्या, कंपवाताच्या कितीतरी गोळ्यांनी तोंड सुकतं. तीन-चार आजारांची औषधं एकदम चालू असलेल्या रुग्णाची जीभ दुपारपर्यंत चामड्यासारखी झालेली मी पाहिली आहे.

मग दातांवर, हिरड्यांच्या कडेला, जिभेवर एक चिकट थर धरतो. पाण्याचा माठ आठवडाभर घासला नाही तर तळाशी जसा बुळबुळीत थर येतो तसा. माठात नुसतं पाणी हिंदकळून तो जात नाही, काथ्या लावावा लागतो. ही माठाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट इथे घडते. आजारी माणूस दवाखान्यात राहिला की त्याच्या तोंडातली वस्तीच बदलू लागते. घरचे सवयीचे जिवाणू मागे पडतात आणि दवाखान्यातले, औषधांना दाद न देणारे जिवाणू जागा घेतात. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांमध्ये हा बदल दोन दिवसांतही दिसू शकतो.

## घशातला सांधा

घशात दोन वाटा फुटतात. एक अन्ननलिका, दुसरी श्वासनलिका. गिळण्याच्या क्षणी श्वासाची वाट बंद होते आणि घास दुसऱ्या वाटेने जातो, रेल्वेचा सांधा बदलावा तसा. सांधा चुकला की ठसका लागतो आणि चुकून गेलेलं बाहेर फेकलं जातं.

तोंडातली किंवा पोटातली वस्तू अशी चुकून श्वासनलिकेत उतरणं याला डॉक्टर ॲस्पिरेशन म्हणतात. ते फक्त आजाऱ्यांनाच होतं असं नाही. गाढ झोपेत निरोगी माणसांपैकी सुमारे निम्म्यांच्या श्वासनलिकेत लाळेचे थेंब उतरतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याला काही होत नाही, कारण लाळ बऱ्यापैकी स्वच्छ असते, खोकला जोमदार असतो आणि फुप्फुसं उरलंसुरलं निस्तरतात. अर्धांगवायूच्या रुग्णात सांधा ढिला झालेला असतो. खोकला क्षीण असतो, कधी कधी ठसकाही लागत नाही, त्यामुळे जवळ बसलेल्याला काही कळतच नाही. आणि उतरणारा थेंब त्या बुळबुळीत थरातून आलेला असतो.

सांधा दुरुस्त करणं बरेचदा आपल्या हातात नसतं. उतरणारा थेंब कमी घाण असावा, एवढं मात्र आपल्या हातात असतं.

अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कोणत्या वृद्धांना असा न्यूमोनिया होतो हे तपासलं गेलं. गिळण्याचा त्रास हे कारण वर येईल अशी कोणाचीही अपेक्षा असते. ते महत्त्वाचं ठरलं, पण एकट्याने पुरेसं ठरलं नाही. ठळकपणे पुढे आल्या त्या अशा गोष्टी: दुसऱ्याने भरवावं लागणं, दुसऱ्याने दात घासून द्यावे लागणं, किडलेले दात, नळीतून अन्न. म्हणजे रुग्णाचं तोंड दुसऱ्याच्या हाती गेलं की धोका सुरू होतो. तो दुसरा हात काय करतो, यावर बरंच काही ठरतं.

## जपानमध्ये काय करून पाहिलं

जपानमध्ये अकरा नर्सिंग होम्समध्ये एक प्रयोग झाला. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं छोटं खासगी रुग्णालय. तिथे मात्र त्याचा अर्थ, परावलंबी वृद्ध वर्षानुवर्षं राहतात ते शुश्रूषागृह. तिथल्या वृद्धांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाचे दात प्रत्येक जेवणानंतर सेविकांनी ब्रशने घासून दिले आणि आठवड्यातून एकदा दातांचे डॉक्टर किंवा त्यांचे सहकारी येऊन तोंड तपासून साफ करत. दुसऱ्या गटाचं पूर्वीसारखंच चालू राहिलं.

दोन वर्षांनी ३६६ जणांचा हिशेब मांडला. नेहमीच्या पद्धतीच्या गटात १९ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, ब्रशच्या गटात ११ टक्क्यांना. न्यूमोनियाने दगावलेल्यांचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीच्या गटात १६ टक्के, ब्रशच्या गटात ७ टक्के. या कामाचं पहिलं वृत्त १९९९ साली आलं, सविस्तर लेख २००२ मध्ये. तिथल्याच आणखी एका छोट्या अभ्यासात रोज ब्रश केलेल्या वृद्धांची गिळण्याची प्रतिक्रियाही थोडी तरतरीत झालेली दिसली. म्हणजे ब्रशमुळे थर तर निघतोच, पण तोंडाला जागही येते.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या वॉर्डातले कितीतरी चेहरे डोळ्यांसमोर आले.

## "दातच नाहीत, मग घासायचं काय?"

बोळकं झालेल्या तोंडातही हिरड्या, टाळू, गालांच्या घड्या आणि मुख्य म्हणजे जीभ असते. थर तिथेही धरतो. जपानच्या प्रयोगात दात असलेल्यांना फायदा झाला तसाच दात नसलेल्यांनाही झाला. मऊ ब्रशने किंवा बोटाला गुंडाळलेल्या ओल्या गॉजने हिरड्या आणि टाळू पुसायचे, जीभ मागून पुढे हलक्या हाताने घासायची. जबडा अचानक मिटणाऱ्या रुग्णाच्या तोंडात मात्र बोट घालायचं नाही.

कवळी असेल तर ती रात्री काढायचीच. जपानमध्ये ८५ वर्षांपुढच्या पाचशेहून अधिक वृद्धांची पाहणी झाली. त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळलं. कवळी ब्रशने घासून पाण्यात ठेवावी आणि डब्यावर नाव लिहावं. कवळ्यांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. जेवणाच्या ताटात काढून ठेवलेली कवळी ताटाबरोबर गेली आणि पुढचे सहा महिने आजोबा पेजेवर राहिले, हेही पाहिलं आहे.

## "नळीतून जेवतात, तोंडात अन्न जातच नाही"

हा गैरसमज सगळ्यात घातक. नाकातल्या नळीतून अन्न जातं तेव्हा तोंड पूर्ण बेकार बसतं. चावणं नाही, लाळेला चालना नाही, जीभ हलत नाही. ज्या घरात कोणी राहत नाही ते घर स्वच्छ राहतं का? धूळ, जाळी तिथेच जास्त धरतात. नळीवरच्या रुग्णाच्या टाळूवरून मी वाळलेल्या श्लेष्म्याचे पापुद्रे काढले आहेत, सालीसारखे. तो पापुद्रा एखाद्या रात्री सुटून मागे गेला तर श्वासच अडतो. अशा रुग्णांचं तोंड इतरांपेक्षा जास्त वेळा पाहायला हवं. फक्त नळीतून फीड दिल्यावर लगेच घासू नये, उमासे येऊन उलटी होऊ शकते. फीडच्या आधीची वेळ बरी.

## "घासताना पाणीच छातीत गेलं तर?"

ही भीती रास्त आहे आणि बऱ्याच सिस्टर याच भीतीने हात आखडता घेतात. म्हणून पद्धत नीट शिकायला हवी.

पलंगाचं डोकं ३० ते ४५ अंश वर करायचं. ते जमत नसेल तर रुग्णाला कुशीवर वळवायचं आणि गालाखाली टॉवेल ठेवायचा, म्हणजे पाणी खाली गालात साचतं, घशात जात नाही. लहान मुलांचा मऊ ब्रश घ्यायचा, कारण डोकं छोटं असतं आणि दाढांपर्यंत पोचतं. पाण्यात बुडवून झटकायचा, टपकता नको. पेस्ट फक्त चाटून गेल्यासारखी, आणि फार फेस होणारी नको. ज्याला चूळ भरता येत नाही त्याला पाणी पाजून "थुंका" म्हणायचं नाही. सुटलेली घाण गॉजने पुसून घ्यायची किंवा सक्शनने, म्हणजे यंत्राला जोडलेल्या नळीने, ओढून घ्यायची. आधी ओठ ओले करायचे, नाहीतर कोरडे ओठ ताणून चिरतात. मग दात आणि हिरडीची शिवण, जिथे थर जास्त असतो, तिथे ब्रश थोडा तिरपा धरून छोटे छोटे फेर. शेवटी जीभ.

हिरडीतून थोडं रक्त आलं की नातेवाईक घाबरून ब्रश बंद करतात. सुजलेली हिरडी रक्त देतेच आणि न घासल्याने आणखी सुजते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा प्लेटलेट कमी असतील तर डॉक्टरांना आधी विचारा.

काडीला लावलेला स्पंज ओलावा द्यायला ठीक असतो, थर काढायला नाही. शिवाय स्पंजचा बोंडा सुटून घशात अडकण्याचा धोका असतो, म्हणून चावणाऱ्या रुग्णाला तो अजिबात नको. आमचं ते जुनं बोरोग्लिसरीन क्षणभर ओलसर वाटतं, पण ग्लिसरीन पाणी शोषून घेतं आणि तोंड पुन्हा कोरडं पडतं.

## "माउथवॉश लावला की झालं ना?"

आता माठ आठवा. नुसतं हिंदकळून थर जात नाही.

माउथवॉशचा विषय याहून गुंतागुंतीचा आहे. क्लोरहेक्सिडिन नावाचं जंतुनाशक औषध वर्षानुवर्षं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या तोंडात नेमाने लावलं गेलं. नंतर अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर त्याने मृत्यू थोडे वाढत तर नाहीत ना, अशी शंका उभी राहिली. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत ते नेमाने वापरू नये असं आलं आणि ब्रश मात्र करावा असं आलं. २०२३ च्या अखेरीस १५ चाचण्यांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला, जवळपास २,८०० रुग्णांचा. दात ब्रशने घासलेल्यांमध्ये रुग्णालयात होणाऱ्या न्यूमोनियाचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होता, आणि अतिदक्षता विभागातले मृत्यूही कमी होते. फायदा मुख्यतः व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत दिसला, हे सांगायला हवं. एखाद्या रुग्णाला डॉक्टरांनी माउथवॉश कारण देऊन लिहिला असेल तर तो द्यावाच, पण ब्रशच्या बदल्यात नाही.

## "म्हणजे ब्रश केला की न्यूमोनिया होणारच नाही?"

नाही. ब्रश म्हणजे कर्णाची कवचकुंडलं नव्हेत. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात ३६ शुश्रूषागृहांत ८३४ वृद्धांवर मोठी चाचणी झाली. त्यात ब्रश, क्लोरहेक्सिडिन आणि बसवून भरवणं असं सगळं एकत्र केलं होतं. न्यूमोनिया कमी झाला नाही आणि चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. निकाल २०१५ मध्ये आला. हे लपवून मला ब्रशची वकिली करायची नाही. न्यूमोनिया अनेक वाटांनी येतो: पोटातून उलट वर येणारं अन्न, बसून भरवण्याऐवजी आडवं असताना भरवणं, अंथरुणातून न उठवणं. तोंडाची वाट त्यातली एक आणि अडवायला सगळ्यात स्वस्त.

न्यूमोनिया बाजूला ठेवला तरी दुखरी दाढ, चिरलेले ओठ, जिभेवरची पांढरी बुरशी यांचं काय? बोलू न शकणारा रुग्ण जेवण नाकारतो, चिडतो, रात्री ओरडतो. त्याला झोपेचं औषध दिलं जातं, त्याने तोंड आणखी सुकतं. तोंड उघडून बॅटरीने पाहिलं असतं तर दाढेतला गळू दिसला असता.

## "ते तोंडच उघडत नाहीत"

आमच्या वॉर्डात एक निवृत्त गुरुजी होते. स्मृतिभ्रंश बराच वाढलेला. ब्रश जवळ नेला की दातखीळ बसल्यासारखे दात आवळायचे, हात झटकायचे. दोघींनी धरून एकीने घासावं, असंही आम्ही केलं. त्यांच्या डोळ्यांतली भीती मला अजून आठवते. मग त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "सिस्टर, बाबांनी जन्मभर राखुंडी लावली. ब्रश त्यांनी कधी धरलाच नाही." दुसऱ्या दिवशी त्यांच्याच बोटावर थोडं दंतमंजन दिलं. बोट आपोआप तोंडात गेलं. चार दिवसांनी त्यांच्या मुठीत ब्रश देऊन वर माझा हात ठेवला आणि तो चालला. शब्द विसरलेले हात सवय विसरले नव्हते.

म्हणून आधी विचारा, हे आयुष्यभर काय वापरत होते? समोरून, डोळ्यांच्या पातळीवर येऊन काय करणार ते सांगा. आधी खांदा, मग गाल, मग ओठ, असा स्पर्श करत जा. आवळलेल्या दातांच्या बाहेरच्या बाजूनेही ब्रश फिरतो आणि अर्धं काम होतं. आज नाही जमलं तर तासाभराने, दुसऱ्या सिस्टरच्या हातून पाहा. चमच्याने जबडा फाकवायचा नाही, दात मोडतो आणि विश्वासही जातो.

आणि मिश्री. "आईला त्याशिवाय चालत नाही हो," म्हणून पुडी उशीखाली ठेवलेली सापडते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. ती दात साफ करत नाही. अशा रुग्णाच्या गालात, हिरडीत पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर तो डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा, कॅन्सरची सुरुवात तशी असू शकते.

## "एवढा वेळ आहे कोणाला?"

हिशेब खरा करू. एका रुग्णाला पाच मिनिटं धरली आणि वॉर्डात दहा परावलंबी रुग्ण असतील तर एका फेरीला ५० मिनिटं. सकाळ-रात्र दोन फेऱ्या. एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड असलेल्या नाइट ड्युटीत हे होत नाही आणि तिला दोष देऊन होणारही नाही. पण निदान रात्रीची फेरी सोडू नये असं मला वाटतं, कारण झोपेत लाळ जवळपास थांबते आणि थर सकाळपर्यंत निवांत वाढतो.

आपल्याकडे पलंगाशेजारी नातेवाईक असतो, मावशी असतात. त्यांना कोणी शिकवत नाही. डिस्चार्जच्या दिवशी कागदावर गोळ्या लिहून मिळतात, ब्रश कसा करायचा ते कोणी करून दाखवत नाही. एका फेरीत मावशीच्या हातात ब्रश देऊन शेजारी उभं राहिलं तर ती आठवड्यात आमच्यापेक्षा चांगलं करते, हा माझा अनुभव आहे.

ज्यांचं कोणीच येत नाही त्यांचं काय? ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांसारख्या ठिकाणी काही माणसं वर्षानुवर्षं राहतात. मानसिक आजारावरच्या काही औषधांनी तोंड सुकतं, काहींनी उलट लाळ गळते, काहींनी गिळणं मंदावतं. अशा माणसाला ब्रश आणून देणारं घर नसतं. ब्रश, पेस्ट, कवळीचा डबा या गोष्टी गॉज आणि सुयांसारख्या स्टोअरच्या इंडेंटवर, म्हणजे मागणीच्या यादीवर, असायला हव्यात, दर तीन महिन्यांनी, नावानिशी. आणि दातांची पदवी घेणाऱ्या प्रत्येकाला वर्षभर इंटर्नशिप करावी लागते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. त्या मुलामुलींनी आठवड्यातून एक सकाळ बॅटरी आणि आरसा घेऊन अशा वॉर्डांत फिरावं, असं मला फार वाटतं. स्ट्रेचरवरचा रुग्ण दंतविभागापर्यंत नेणं कोणाला जमत नाही, पण दोन इंटर्न पलंगापर्यंत येऊ शकतात.

चार्टवर रकाना हवा. ऑस्ट्रेलियात एक सोपी तपासणी तयार झाली आहे. तिच्यात आठ गोष्टी पाहायच्या असतात: ओठ, जीभ, हिरड्या व आतली त्वचा, लाळ, दात, कवळी, स्वच्छता, दुखणं. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण, जितके जास्त तितकं वाईट. दातांचा डॉक्टर नसलेल्यालाही ती काही मिनिटांत करता येते. भरती झाल्या दिवशी एकदा आणि मग दर आठवड्याला. तुमचं माणूस भरती असेल तर राउंडच्या वेळी बीपी-शुगर विचारता तसं विचारा, "तोंड कोणी पाहिलं? रात्री ब्रश झाला का?"

## शेवटच्या दिवसांत

काही रुग्णांच्या बाबतीत न्यूमोनिया टाळणं हा मुद्दाच उरत नाही. जाणाऱ्या माणसाच्या मुखात गंगाजळ आणि तुळशीपत्र ठेवायची आपली रीत आहे. त्या वेळी जीभ इतकी कोरडी असते की पान तिला चिकटून बसतं. तोवर खोलीत आठ-दहा नातेवाईक बसलेले असतात, काहीतरी करावं असं प्रत्येकाला वाटत असतं आणि काय करावं ते सुचत नसतं. मी त्यांच्या हातात पाण्याची वाटी आणि घट्ट पिळलेला गॉज द्यायचे. ओठ, जीभ, गालाची आतली बाजू, दर अर्ध्या तासाने, एकेकाने. ऑक्सिजन चालू असेल तर ओठांना तूप किंवा व्हॅसलीन लावण्याआधी सिस्टरना विचारायचं. एका आजींचा नातू, असेल बारा-तेरा वर्षांचा, त्याने ते काम रात्री दोनपर्यंत कोणाला घेऊ दिलं नाही.